‘हात खाली’ म्हणणारीची बाजू

विशेष शिक्षणाच्या वर्गात काम करणाऱ्या मदतनिसांना ‘न्यूरो-अफर्मिंग’, म्हणजे मुलाच्या मेंदूची वेगळी घडण मान्य करून शिकवण्याच्या, पद्धतीचं प्रशिक्षण द्यावं का, हा वाद आता चांगलाच तापला आहे, आणि तापता तापता भरकटलाही आहे. एका बाजूचं म्हणणं असं की हे सगळे लाड आहेत. मुलाने जगाशी जुळवून घ्यायचं की जगाने मुलापुढे वाकायचं? हात फडफडवणाऱ्याला फडफडवू द्यायचं, नजर न मिळवणाऱ्याला तसंच सोडायचं, तर मग शाळेत आणायचं तरी कशाला? दुसरी बाजू तितक्याच तावातावाने सांगते की वर्गावर्गात मुलांचं मन मारलं जातंय आणि त्याला जबाबदार आहेत जुन्या वळणाच्या मदतनीस. त्यांना एक दिवस बसवा, योग्य शब्द शिकवा, दृष्टी बदला, की झालं. दोन्हीकडची भाषणं मी ऐकली आहेत. जिच्याविषयी ती चालतात ती बाई त्या सभागृहात कधीच नसते. ती त्या वेळी वर्गात उकिडवी बसून टेबलाखाली शिरलेल्या एका मुलाशी हळू आवाजात बोलत असते, आणि तिच्यावर सोपवलेलं दुसरं मूल तेवढ्यात दाराकडे पळालेलं असतं.

माझं मत आधीच सांगून टाकते. हे प्रशिक्षण हवं, आणि पाणी न घालता हवं. पण मदतनिसाच्या कामाची परिस्थिती आहे तशी ठेवून नुसतं प्रशिक्षण दिलं, तर ते न दिल्यापेक्षा वाईट ठरेल. आज निदान ‘तिला माहीत नव्हतं’ असं म्हणता येतं. उद्या म्हणतील, ‘सगळं शिकवलं होतं, तरी ही अशीच वागते.’ वागण्याजोगी सवड, माणसं आणि अधिकार तिच्याकडे होते का, हे कोणी विचारणार नाही.

मी काही वर्षं हे काम केलं आहे. पहिल्या आठवड्यात मला मिळालेलं शिक्षण दोन शब्दांचं होतं: ‘हात खाली’. आठेक वर्षांचा मुलगा, स्वमग्न (ऑटिझम असलेला), बोलणं फार थोडं, हात सतत कानांजवळ फडफडत. दिवसातून शंभरदा तरी मी ‘हात खाली’ म्हणत असेन, आणि तो बिचारा घ्यायचाही. मला वाटायचं, जमतंय. एक दिवस त्याने हात खाली घेतले आणि स्वतःच्याच मनगटाला कडकडून चावला. नोंदवहीत मी लिहिलं, ‘अचानक, कारण नसताना.’ आज ते शब्द आठवले की लाज वाटते. अचानक काहीच नव्हतं. फडफड ही त्याची स्वतःला सावरायची रीत होती. ती मी काढून घेतली आणि तिच्या जागी काही दिलं नाही. बांध घातलेलं पाणी दुसरीकडून फुटतंच. पण हे मला कोणी सांगितलं होतं?

‘हात खाली’ ही कोणा तिरसट बाईची लहर नव्हती, हे मला बऱ्याच उशिरा कळलं. त्या दोन शब्दांना मोठी वंशावळ आहे. लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात ईवार लोवास या मानसशास्त्रज्ञाने १९६० च्या दशकात स्वमग्न मुलांसाठी बक्षीस आणि शिक्षेवर आधारलेली शिकवणी सुरू केली. १९८७ साली त्याने प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १९ मुलांना आठवड्याला ४० तास शिकवलं होतं, आणि त्यातली ९ मुलं साधारण बुद्ध्यंक गाठून नेहमीच्या शाळेतली पहिली पार करू शकली, असा दावा होता. मोठ्याने ‘नाही!’ म्हणून ओरडणं आणि प्रसंगी मांडीवर चापट मारणं हाही त्या शिकवणीचा भाग होता. त्याने ते लपवलं नाही, छापूनच टाकलं. चापटा पुढे बंद झाल्या. मोजपट्टी मात्र तीच राहिली: मूल इतर मुलांसारखं किती दिसतं? ही मोजपट्टी संशोधकाकडून थेरपिस्टकडे, थेरपिस्टकडून शिक्षिकेकडे आणि शिक्षिकेकडून मदतनिसाकडे उतरत आली. खाली येता येता कारणं गळत गेली आणि हुकूम तेवढा उरला.

न्यूरो-अफर्मिंग म्हणजे या मोजपट्टीलाच घेतलेली हरकत. मूल इतरांसारखं दिसतं का हा प्रश्न बाजूला ठेवायचा, आणि ते शिकतंय का, त्याला हवं-नको सांगता येतंय का, त्याला वर्गात सुरक्षित वाटतंय का, हे विचारायचं. खिडकीकडे बघत ऐकलेलंही ऐकलेलंच असतं. चित्रकार्डावर बोट ठेवून सांगितलेलंही सांगितलेलंच असतं. ‘न्यूरोडायव्हर्सिटी’ (मेंदूंच्या घडणीतलं वैविध्य) हा शब्द १९९० च्या दशकात पुढे आला, आणि तो घडवला तो बऱ्याच अंशी स्वमग्न माणसांनीच आपसांत चर्चा करत. ज्यांच्यावर उपचार चालले होते त्यांनीच विचारलं की बरं व्हायचं म्हणजे नेमकं काय व्हायचं? हा प्रश्न लाडावलेल्या माणसाचा वाटतो का?

डावखुऱ्या मुलांना मारून मुटकून उजव्या हाताने लिहायला लावायचे, हे उदाहरण अशा वेळी हमखास दिलं जातं. ते आता घासून गुळगुळीत झालंय. मला दुसरं आठवतं. १८८० साली इटलीतल्या मिलान शहरात बधिर मुलांच्या शिक्षणाविषयी आंतरराष्ट्रीय परिषद भरली आणि खुणांच्या भाषेपेक्षा तोंडी भाषा श्रेष्ठ, म्हणून शाळांत तोंडीच शिकवावं, असा ठराव झाला. १६४ प्रतिनिधींत बधिर माणूस एक होता. पुढची कित्येक दशकं अनेक देशांतल्या शाळांनी खुणा करणाऱ्या मुलांना शिक्षा केल्या. खुणांनी शिकवणाऱ्या बधिर शिक्षकांच्या नोकऱ्या गेल्या, म्हणजे त्या मुलांना ज्यांचं सगळ्यात जास्त कळत होतं त्यांनाच वर्गाबाहेर काढलं गेलं. अमेरिकी खुणांच्या भाषेला स्वतःची पक्की रचना आहे हे विल्यम स्टोकी यांनी १९६० साली मांडलं, आणि मिलानच्या त्या ठरावांबद्दल अधिकृत खेद व्यक्त व्हायला २०१० ची व्हँकुव्हरची परिषद उजाडावी लागली. १३० वर्षं. मिलानला जमलेले लोक काही राक्षस नव्हते. मुलांना जगात मिसळता यावं याचीच त्यांना तळमळ होती. आणि त्यांचाही हुकूम शेवटी तोच होता, हात खाली.

यावर कोणी म्हणेल, खुणांची भाषा ही भाषा आहे, फडफड ही भाषा नव्हे. कबूल. तुलना तेवढ्यापुरतीच ताणावी. पण दोन्हीकडे मोठ्यांनी एक हालचाल पाहिली, ती आपल्यासारखी नाही एवढंच नोंदवलं, आणि ती कशासाठी आहे हे न विचारताच बंद केली.

आता विरोधकांचे खरोखर वजनदार मुद्दे घेऊ, कारण सभांमध्ये त्यांना टाळ्यांखाली गाडून टाकायची खोड लागली आहे. पहिला मुद्दा सुरक्षेचा. भिंतीवर डोकं आपटणारं मूल, रस्त्याकडे धावणारं मूल, शेजारच्याचे केस उपटणारं मूल: इथे ‘स्वीकार’ म्हणजे काय? ज्यांनी हे दुरून पाहिलंय त्यांनी ‘प्रत्येक वर्तन हा संवाद असतो’ असं वाक्य फेकून निघून जाऊ नये. संवाद असेल, पण माझ्या दंडावर दातांचे वण होते. आणि पुढे हेही खरं की मुलाला थांबायला, मदत मागायला, स्वच्छतागृहात स्वतः जायला शिकावंच लागतं. हे न शिकवणं म्हणजे स्वीकार नव्हे, अंग काढून घेणं आहे.

पण हा मुद्दा न्यूरो-अफर्मिंग प्रशिक्षणाच्या विरोधात जातो कुठे? १९८५ साली एडवर्ड कार आणि मार्क ड्युरँड या दोन संशोधकांचा एक छोटासा अभ्यास प्रसिद्ध झाला. दोघेही लोवासच्याच वर्तनवादी परंपरेतले. विकासात्मक अडचणी असलेली चार मुलं. काही जण काम कठीण झालं की गोंधळ घालत, काही जण मोठ्यांचं लक्ष कमी झालं की. त्यांना शिक्षा न करता त्यांच्या कारणाला लागू पडेल असं एकेक वाक्य शिकवलं गेलं: काम कठीण वाटतं त्याला ‘मला समजत नाही’, लक्ष हवं त्याला ‘मी नीट करतोय का?’. गोंधळ एकदम खाली आला. खरी गंमत पुढे आहे. कारणाशी न जुळणारं वाक्य शिकवलं, तेव्हा काहीच फरक पडला नाही. म्हणजे मुलाला काय शिकवायचं हे ठरवण्याआधी मुलाला वाचावं लागतं, आणि अचूक वाचावं लागतं. हे कडक शिस्तीपेक्षा कितीतरी अवघड काम आहे. ‘हात खाली’ म्हणायला अक्कल लागत नाही. मी म्हणत होते ना. घंटा, नळ्यांचे दिवे, बदललेलं वेळापत्रक, दुखणारी दाढ, यांतलं नेमकं काय आज त्या मुलाला छळतंय हे ओळखायला अभ्यास लागतो. ‘लाड’ म्हणणाऱ्यांनी हे काम एक दिवस करून पाहावं.

दुसरा मुद्दा पुराव्याचा, आणि तो आमच्या बाजूला बोचणारा आहे. डेमियन मिल्टन या स्वमग्न अभ्यासकाने २०१२ साली मांडलं की स्वमग्न आणि इतर माणसं यांच्यातली गैरसमजाची दरी दुहेरी असते. एकाच बाजूला समानुभूती कमी असते असं नाही. कल्पना मला पटते. तिच्या आधारासाठी २०२० चा एक प्रयोग जिथेतिथे दाखवला जातो: स्वमग्न माणसांनी आपसांत गोष्ट एकाकडून दुसऱ्याकडे नीट पोचवली, तशीच इतरांनीही आपसांत, मिश्र साखळीत मात्र ती जास्त गळत गेली. पुढे त्याच मंडळींनी जास्त माणसं घेऊन प्रयोग पुन्हा केला, तेव्हा ती तफावत दिसली नाही. आमच्या बाजूचे वक्ते पहिला प्रयोग अजून सांगतात, दुसऱ्याविषयी गप्प बसतात. हे बरोबर नाही. मदतनिसांना प्रशिक्षण द्यायचं तर त्यांना भोळ्या भक्तांसारखं वागवू नका. काय नक्की माहीत आहे आणि काय अजून चाचपडतोय, दोन्ही सांगा.

याहून बोचणारं उदाहरण तर थेट मदतनिसाच्या हाताचं आहे. न बोलणाऱ्या मुलाचा हात मोठ्या माणसाने धरायचा आणि त्याला कळफलकावर अक्षरं टिपू द्यायची, अशी एक पद्धत ऑस्ट्रेलियातून निघून १९९० च्या सुमारास अमेरिकेत वणव्यासारखी पसरली. आईबाप ढसाढसा रडले. मुलं कविता लिहायला लागली होती. मग १९९३ साली न्यूयॉर्क राज्यातल्या एका संस्थेत साधी चाचणी झाली. मुलाला एक चित्र दाखवलं, हात धरणाऱ्याला वेगळं, आणि दोघांना एकमेकांचं दिसत नव्हतं. कागदावर उतरलं ते हात धरणाऱ्याने पाहिलेलं. ती माणसं खोटं बोलत नव्हती. आपणच लिहितोय हे त्यांना स्वतःलाच कळत नव्हतं. अमेरिकेतल्या वाचा-श्रवणतज्ज्ञांच्या संघटनेने या पद्धतीविरुद्ध १९९० च्या दशकात आणि पुन्हा २०१८ मध्ये स्पष्ट भूमिका घेतली. तरीही ‘मुलाच्या क्षमतेवर विश्वास ठेवा’ या गोड वाक्याच्या आडून ती अधूनमधून डोकं वर काढते. विश्वास आणि तपास यांचं वैर नाही. मूल स्वतःच्या बोटाने वापरतं त्या चित्रफळीविषयी किंवा टॅबलेटविषयीही लोक उगाच घाबरत असत, की अशाने उरलंसुरलं बोलणंही जाईल. २००६ साली एका आढाव्यात काटेकोर पुरावा असलेली २७ मुलामाणसांची उदाहरणं तपासली गेली. एकाचंही बोलणं कमी झालेलं आढळलं नाही, बहुतेकांचं थोडं वाढलंच. पहिल्या पद्धतीत मदतनिसाचा हात मुलाच्या हातावर आहे, दुसरीत नाही. हा फरक प्रशिक्षणात पहिल्याच दिवशी सांगितला पाहिजे, कारण प्रेमळ मदतनीस याच खड्ड्यात पडते. तिला मुलाच्या तोंडून काहीतरी ऐकायचंच असतं.

तिसरा आक्षेप तर मदतनीस या पदावरच आहे. मदतनीस असल्याने मुलं मागे पडतात, असं म्हणणाऱ्यांच्या हाती भक्कम अभ्यास आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये २००३ पासून पाच वर्षं चाललेल्या पाहणीत पीटर ब्लॅचफर्ड आणि सहकाऱ्यांना दिसलं की ज्या मुलांना मदतनिसाचा आधार जास्त, त्यांची अभ्यासातली प्रगती तशाच इतर मुलांपेक्षा कमी. मुलांच्या मुळातल्या अडचणी हिशेबात धरूनही. त्याआधी १९९७ साली मायकेल जियांग्रेको आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या वर्गांत बसून पाहिलं होतं, की मदतनीस मुलाला इतकी चिकटून असते की वर्गशिक्षिका त्या मुलाला आपलं मानेनाशी होते, बरोबरीची मुलं जवळ फिरकत नाहीत, आणि मूल प्रत्येक गोष्टीसाठी मान वळवून तिच्याकडे बघायला लागतं. त्यातली एक नोंद माझ्या मनातून जात नाही: स्वच्छतागृहाचं कुठलं दार उघडायचं हे मूल मुलगा आहे की मुलगी यावर न ठरता मदतनीस बाई आहे की पुरुष यावर ठरायचं. वाचताना मी स्वतःला ओळखलं.

या निष्कर्षांतून ‘मदतनीस नकोत’ हा अर्थ काढणं फार सोपं आहे. पण इंग्लंडमधल्या त्या संशोधकांनी स्वतः काय कारण दिलं? त्यांनी बायकांना दोष दिला नाही. बहुसंख्य शिक्षकांना मदतनिसाबरोबर काम कसं करायचं हे कधी शिकवलंच नव्हतं, दोघींना एकत्र बसून आखणी करायला वेळ नव्हता, आज काय शिकवलं जाणार हे मदतनिसाला वर्गात पाऊल टाकल्यावर कळत होतं. सगळ्यात कठीण शिकणारं मूल सगळ्यात कमी शिकवलेल्या माणसाच्या हवाली करायचं आणि वर म्हणायचं, बघा, प्रगती नाही. दुसऱ्या कुठल्या पेशात ही वाटणी चालली असती? अवघड शस्त्रक्रिया कंपाउंडरकडे आणि सर्दीपडसं मोठ्या सर्जनकडे?

म्हणूनच आमच्या बाजूच्या मंडळींचा आवाज चढतो तेव्हा मला भीती वाटते. ऑटिझमच्या इतिहासात ‘दोष कोणाचा’ हा खेळ आधी एकदा खेळून झालेला आहे. लिओ कॅनर यांनी १९४३ साली ११ मुलांचं वर्णन करून हे निदान प्रथम मांडलं, आणि लवकरच बोटं आईकडे वळली. आई थंड, मायेत कमी पडलेली, ‘रेफ्रिजरेटर मदर’. ब्रूनो बेटलहाइमसारख्या प्रतिष्ठितांनी ती समजूत १९६० च्या दशकात घरोघरी पोचवली. बर्नार्ड रिमलंड या मानसशास्त्रज्ञाने, जो स्वतः एका स्वमग्न मुलाचा बाप होता, १९६४ साली तिला पुराव्यानिशी आव्हान दिलं. तरी ती मरायला पुष्कळ वर्षं लागली आणि तोवर किती आया स्वतःला खात बसल्या असतील याची मोजदाद नाही. मुलाच्या सगळ्यात जवळ जी बाई असते तिच्यावर खापर फोडणं नेहमीच सोपं असतं, कारण ती दिसते. व्यवस्था दिसत नाही. आज आईची जागा मदतनिसाने घेतली आहे, एवढंच.

‘पण मुळात माया हवी, माया असली की सगळं जमतं,’ असं म्हणणारेही पुष्कळ भेटतात. आणि हे वाक्य बोलणाऱ्याला ते कौतुक वाटतं. एकेकाळी रुग्णसेवेविषयी असंच म्हणत. क्रायमियाच्या युद्धात १८५४ च्या नोव्हेंबरात फ्लॉरेन्स नाइटिंगेल आपल्या परिचारिकांना घेऊन तुर्कस्तानातल्या स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयात पोचली. माया होती, शिस्त होती, कष्टांना तर सीमाच नव्हती. तरी त्या हिवाळ्यात मृत्यू वाढतच गेले. इमारतीखालून तुंबलेली गटारं वाहत होती. मार्च १८५५ मध्ये आलेल्या स्वच्छता आयोगाने ती साफ करून घेतली, हवा खेळती केली, आणि मृत्यूंचं प्रमाण झपाट्याने उतरलं. पुढे लंडनमध्ये १८६० साली परिचारिकांची प्रशिक्षणशाळा नाइटिंगेलच्या नावाने निघाली खरी, पण ती स्वतः आयुष्यभर शिकवणीइतकीच गटारांविषयी, खिडक्यांविषयी, खाटांमधल्या अंतराविषयी भांडत राहिली. हे अर्धं चरित्र आपण विसरतो. आपल्याला दिवा हातात घेतलेली बाई आवडते. गटाराचा नकाशा घेतलेली नाही.

मदतनिसाच्या वर्गातली गटारं कुठली? एका वेळी तीन मुलं, तीन वेगळ्या गरजा आणि हात दोनच. शिक्षिकेशी बोलायला ठरलेला वेळ शून्य. जे काही बोलायचं ते दप्तरं भरता भरता. मूल कोसळून रडलं, वस्तू फेकल्या, चावलं, की त्यानंतर मूल शांत कोपऱ्यात जातं आणि मदतनीस पुढच्या मुलाकडे. तिचे हात तेव्हा थरथरत असतात, हे मी अनुभवाने सांगते. समाजशास्त्रज्ञ अर्ली हॉक्शिल्ड यांनी १९८३ साली हवाईसुंदरींच्या कामाविषयी लिहिताना दाखवलं होतं की चेहऱ्यावर ठरावीक भाव धरून ठेवणं हेही श्रमच असतात, आणि त्यांची झीज होते. आम्ही प्रशिक्षणात मदतनिसाला सांगतो, ‘मूल अस्वस्थ झालं की तू शांत राहा, तुझ्या शांतपणाला धरून ते शांत होईल.’ बरोबरच आहे ते. पण हा शांतपणा ती आणणार कुठून? सकाळपासून पाणी प्यायला उठू न शकलेल्या माणसाचा आवाज मऊ राहत नाही, मग त्याने कितीही स्लाइड पाहिलेल्या असोत. मुलाच्या मज्जासंस्थेचा आदर करा म्हणणाऱ्यांना मदतनिसालाही मज्जासंस्था असते हे आठवू नये, याचं मला नवल वाटतं. आणि काही मदतनीस स्वतःही एडीएचडी (लक्ष एकवटण्यातली अडचण आणि अतिचंचलता) किंवा ऑटिझम असलेल्या असतात, कुणाकुणाला तर ते या वर्गात आल्यावरच उमगतं. त्यांच्यासाठीही तेच नळ्यांचे दिवे असतात.

प्रशिक्षण कसं हवं, याविषयी थोडक्यात. एक दिवसाच्या कार्यशाळेने वर्गातलं वागणं फारसं बदलत नाही, हे शिक्षकांच्या प्रशिक्षणाचा अभ्यास करणाऱ्या ब्रूस जॉइस आणि बेव्हर्ली शॉवर्स यांनी १९८० च्या दशकातच सांगून ठेवलंय. जाणकाराने वर्गात येऊन सोबत काम करावं, पाहावं, पुन्हा यावं, तेव्हा शिकलेलं हातात उतरतं. शिकवणाऱ्यांत स्वमग्न प्रौढ असलेच पाहिजेत, पाहुणे म्हणून ‘आपबीती’ सांगायला नव्हे, मानधन घेऊन शिकवायला. मिलानचा धडा काही असेल तर तो हाच. आणि मदतनिसाला एक छोटा अधिकार हवा: ‘आत्ता हे काम त्याच्यापुढे नको’ असं वर्गात म्हणायचा, आणि ते ऐकलं जाण्याचा. आज तिच्याकडे जबाबदारी सगळी आहे, हा एवढासा अधिकार मात्र नाही. मुलाच्या वैयक्तिक शिक्षण-आराखड्याच्या बैठकीत सगळे असतात. जी रोज सहा तास त्याच्या शेजारी बसते ती बाहेर त्याला सांभाळत असते.

पैसे लागतील? लागतील. इथे मला ‘यातून शेवटी बचतच होते’ असला हिशेब मांडायचा नाही. एखादं माणूस जास्त घ्यावं लागेल, आखणीच्या वेळेचा पगार द्यावा लागेल, थेरपिस्टच्या फेऱ्या वाढवाव्या लागतील. ज्या शाळांना हे सगळं एकदम परवडत नाही त्यांनी बैठकीत एक खुर्ची वाढवण्यापासून सुरुवात करावी. तिला पैसे पडत नाहीत. पण ‘परवडत नाही’ म्हणत कार्यशाळेवर मात्र खर्च करायचा, तिचे फोटो काढायचे आणि वर्ग होता तसा ठेवायचा, याला काटकसर म्हणता येणार नाही.

त्या मुलाचं पुढे काय झालं हे सांगायचं राहिलं. वर्षभराने एक नवी वाचा-उपचारतज्ज्ञ आमच्या वर्गात आली. आली ती खुर्ची न मागता जमिनीवर माझ्या शेजारी बसली आणि नोंदवही चाळत म्हणाली, ‘ताई, हे चावायच्या आधी काय झालेलं असतं?’ मी क्षणात म्हणाले, ‘घंटा. म्हणजे घंटा नाही, तिच्या दोन मिनिटं आधी. त्याला घड्याळ कळतं ना, तो आधीच कानांजवळ हात नेतो.’ बोलले आणि मीच गप्प झाले. वर्षभर हे मला माहीत होतं. मला कोणी विचारलं नव्हतं, आणि मीही स्वतःला विचारलं नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून घंटेच्या आधी हेडफोन त्याच्या हाती द्यायला लागलो. काही दिवसांनी तो स्वतः जाऊन आणू लागला. फडफड राहिली, चावणं बरंच कमी झालं. नोंदवहीत आम्ही पट्टीने एक नवा रकाना आखला, ‘आधी’. महिन्याभराने तिने त्याच्या शेजारी आणखी एक रेघ ओढली आणि वर लिहिलं, ‘त्या वेळी ताई कशा होत्या’. पहिल्या दिवशी तो रकाना मी कोराच सोडला. दुसऱ्या दिवशी लिहिलं: ‘सकाळपासून उभी.’